मशाल, भाला आणि तह : मासा कसा मारावा, हे कोणी ठरवायचे?

१/
अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्य मासेमारीच्या नियमांची पुस्तिका नियमितपणे प्रसिद्ध करते. एका माणसाने किती गळ टाकावेत, आमिषासाठी लहान मासे कसे धरावेत, कासव किती इंचांचे असल्यास पकडता येईल, भाल्याने किंवा धनुष्यबाणाने कोणता मासा मारता येईल, असे असंख्य बारकावे या नियमांत असतात. इतका नीरस दस्तऐवज शोधूनही सापडणार नाही. तरीही त्यातील एका नियमावरून १९८० च्या दशकात तेथील तळ्यांकाठी वसंत ऋतूच्या रात्री दगडफेक होत होती आणि शेकडो पोलीस तैनात करावे लागत होते. तो नियम असा : वॉलआय हा मासा भाल्याने मारू नये.

२/
हा संघर्ष समजून घेण्यासाठी आधी तो मासा समजून घ्यावा लागतो. वॉलआय हा उत्तर अमेरिकेच्या थंड तळ्यांतला चविष्ट, शिकारी मासा. त्याच्या डोळ्याच्या आत प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे रात्री उजेड पडताच मांजराच्या डोळ्यांसारखे त्याचे डोळे चमकतात. वसंतात तळ्यावरचा बर्फ वितळला की हा मासा अंडी घालण्यासाठी काठाजवळच्या उथळ, खडकाळ पाण्यात येतो. होडीत उभा असलेला माणूस, एका हाती उजेड, दुसऱ्या हाती अनेक टोकांचा भाला आणि पाण्यात चमकणारे दोन ठिपके. ओजिब्वे लोकांची मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या अशी चालत आली.

३/
ही पद्धत इतकी जुनी आहे की गावाचे नावच तिच्यावरून पडले. फ्रेंच व्यापाऱ्यांनी बर्चच्या सालीच्या होड्यांतून रात्री फिरणाऱ्या मशाली पाहिल्या आणि त्या जागेला ‘लाक द्यू फ्लांबो’, म्हणजे मशालींचे तळे, असे नाव दिले. ओजिब्वे भाषेतले नाव ‘वास्वागनिंग’ हेही मशालीच्या उजेडात मासे मारण्याची जागा असेच सांगते. हिवाळ्यातला साठा संपत आलेला असताना वसंतातला हा पहिला मासा म्हणजे अख्ख्या वस्तीचे अन्न होते. तो खेळ नव्हता, आणि या कथेतील पुढचा सगळा गुंता त्याच एका गोष्टीतून निर्माण झाला.

४/
१८३७ च्या जुलैमध्ये फोर्ट स्नेलिंगजवळ सेंट पीटर्स येथे ओजिब्वे प्रमुख आणि विस्कॉन्सिन टेरिटरीचे गव्हर्नर हेन्री डॉज यांच्यात तह झाला. अमेरिकी सरकारला तेथील पाइन वृक्षांचे लाकूड हवे होते. वाटाघाटींच्या नोंदीत एक प्रसंग आहे. मागेगाबो या ओजिब्वे योद्ध्याने ओकची एक डहाळी नकाशाजवळ ठेवली आणि सांगितले की, जमीन देतो, पण ज्या झाडावर आमचे पोट चालते ते झाड आणि ज्या प्रवाहांचे पाणी आम्हाला जगवते ते प्रवाह आम्ही राखून ठेवतो. तहाच्या पाचव्या कलमात त्याचे प्रतिबिंब उमटले : दिलेल्या प्रदेशात शिकार, मासेमारी आणि जंगली भात गोळा करण्याची मुभा ओजिब्वेंना राहील.

५/
त्या कलमाला एक शेपूट मात्र होते. ही मुभा ‘राष्ट्राध्यक्षांची मर्जी असेपर्यंत’ राहणार होती. १८४२ मध्ये ला पॉइंट येथे दुसरा तह झाला आणि सुपीरियर सरोवराकाठचा तांब्याचा प्रदेशही सरकारकडे गेला. शिकारीची मुभा त्यातही होती. १८४८ मध्ये विस्कॉन्सिन पूर्ण राज्य झाले. दोनच वर्षांनी, १८५० मध्ये, राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी आदेश काढला : मुभा रद्द, ओजिब्वेंनी पश्चिमेकडे निघून जावे.

६/
आदेशाच्या अंमलबजावणीसाठी एक डाव आखला गेला. तहानुसार ओजिब्वेंना दर वर्षी मिळणारे पैसे आणि सामान ला पॉइंटऐवजी दूर पश्चिमेला, मिनेसोटातील सँडी लेक येथे मिळेल, असे जाहीर झाले. १८५० च्या शरद ऋतूत हजारो माणसे तेथे पोहोचली. सामान वेळेवर आले नाही, जे आले ते अपुरे आणि खराब. हिवाळा सुरू झाला तसे उपासमार आणि रोगराईने लोक मरू लागले. काही तेथेच गेले, काही बर्फातून परततांना वाटेत. मृतांची संख्या सुमारे ४०० मानली जाते. त्यांना तिकडे रोखून धरण्याचा बेत फसला. उरलेले लोक घरी परतले.

७/
१८५२ मध्ये बफेलो (केचेवाइश्के) हे नव्वदी गाठलेले प्रमुख होडीने, आगबोटीने आणि रेल्वेने वॉशिंग्टनला गेले आणि राष्ट्राध्यक्ष मिलार्ड फिलमोर यांना भेटले. स्थलांतराचा आदेश मागे घेण्यात आला. १८५४ च्या तहाने विस्कॉन्सिनमध्ये लाक द्यू फ्लांबो, लाक कूर्त ओरेय, बॅड रिव्हर आणि रेड क्लिफ या राखीव वस्त्या निर्माण झाल्या. मात्र एक प्रश्न कागदावर तसाच राहिला. वस्तीच्या हद्दीबाहेर, तहात दिलेल्या विस्तीर्ण प्रदेशातील तळ्यांवर मासे मारण्याचा हक्क उरला होता की टेलर यांच्या आदेशाने संपला होता?

८/
पुढच्या पन्नास वर्षांत उत्तर विस्कॉन्सिनचे रूप बदलले. पाइनची जंगले तोडून संपली. तोडलेल्या रानात शेती फारशी पिकेना. मग तळ्यांकाठी विश्रामगृहे उभी राहिली आणि शहरांतून येणारा हौशी गळवाला हा त्या भागाचा नवा अन्नदाता ठरला. त्याच्यासाठी मासे राखून ठेवणे हे राज्याचे धोरण बनले. गळ ही सभ्य रीत ठरली, भाला आणि जाळे ही चोराची हत्यारे ठरली. ओजिब्वे पुरुष दिवसा याच पाहुण्यांचे वाटाडे म्हणून काम करीत. रात्री भाला घेऊन घरासाठी मासा मारायला निघाले की तेच गुन्हेगार ठरत.

९/
या नियमांमागे कायद्याचा एक मोठा सिद्धान्त उभा होता : रानातील पशुपक्षी आणि पाण्यातील मासे हे राज्याच्या मालकीचे आहेत. १८९६ मध्ये ‘गीर विरुद्ध कनेक्टिकट’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. १९०८ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने बॅड रिव्हर वस्तीतील मायकेल मॉरिन यांच्या खटल्यात आणखी पुढचे पाऊल टाकले. मॉरिन यांनी सुपीरियर सरोवरात जाळे टाकले होते. न्यायालय म्हणाले, विस्कॉन्सिनला राज्याचा दर्जा मिळाला त्या क्षणी तहातील हक्क संपले. ज्यांनी प्रदेश दिला त्यांना, त्या प्रदेशावर उभ्या राहिलेल्या राज्याने, तहाच्या अटी संपल्याचे कळवले.

१०/
मालकीच्या या सिद्धान्ताचा शेवट मोठा मजेशीर आहे. ओक्लाहोमा राज्याने आपल्या पाण्यातून धरलेले आमिषाचे लहान मासे राज्याबाहेर विक्रीसाठी नेण्यास बंदी केली होती. टेक्सासच्या एका आमिष-विक्रेत्याने ते नेले, त्याला दंड झाला आणि तो भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७९ च्या ‘ह्यूज विरुद्ध ओक्लाहोमा’ निकालाने ‘गीर’चा निर्णय रद्द ठरवला. राज्य माशांचे रक्षण करू शकते, नियम करू शकते, पण स्वतःला त्यांचा मालक म्हणवून आंतरराज्य व्यापार अडवू शकत नाही. बोटाएवढ्या माशांनी ८३ वर्षांचा सिद्धान्त बुडवला.

११/
त्याआधीच विस्कॉन्सिनमध्ये दुसरी ठिणगी पडली होती. ८ मार्च १९७४ रोजी लाक कूर्त ओरेय वस्तीतील फ्रेड आणि माइक ट्रिबल हे दोघे भाऊ चीफ लेक या गोठलेल्या तळ्यावर गेले. वस्तीची हद्द या तळ्यातूनच जाते. ती ओलांडून त्यांनी बर्फाला भोक पाडले आणि भाल्याने मासे मारू लागले. राज्याच्या रक्षकांनी त्यांना पकडले. यानंतर जमातीने थेट राज्याविरुद्ध संघीय न्यायालयात दावा लावला. प्रतिवादींत नैसर्गिक संसाधन विभागाचे सचिव लेस्टर व्हॉइट होते, म्हणून पुढचा निकाल ‘व्हॉइट निर्णय’ या नावाने ओळखला गेला.

१२/
खालच्या न्यायालयात जमात हरली. २५ जानेवारी १९८३ रोजी सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला : १८३७ आणि १८४२ च्या तहांतील हक्क जिवंत आहेत. यामागचे तत्त्व समजून घेण्याजोगे आहे. अमेरिकी न्यायपरंपरेत असे तह मूळ रहिवाशांना ते जसे समजले असतील तसे वाचले जातात. शिवाय १९०५ च्या ‘विनान्स’ खटल्यापासून असे मानले गेले की तहाने सरकारने जमातींना हक्क बहाल केले नाहीत. जमातींनी आपले बरेचसे हक्क सरकारला दिले आणि काही स्वतःकडे ठेवले. भाला हा ठेवलेल्या हक्कांपैकी एक होता.

१३/
मग पुढचा प्रश्न आला : कोणत्या पद्धतीने मासे मारायचे? राज्याचा कल हक्काचा अर्थ शक्य तितका आकुंचित ठेवण्याकडे होता. १९८७ मध्ये न्यायाधीश जेम्स डॉइल यांनी ठरवले की तहाच्या काळातली साधने वापरण्याचे बंधन जमातींवर नाही. मशालीच्या जागी विजेचा दिवा आणि बर्चच्या होडीच्या जागी ॲल्युमिनियमची होडी चालेल. राज्याला हस्तक्षेप करता येईल तो फक्त माशांच्या संवर्धनासाठी किंवा लोकांच्या सुरक्षिततेसाठी, आणि तोही जमातींचे स्वतःचे नियम अपुरे पडले तरच. त्याच वर्षी डॉइल यांचे निधन झाले आणि खटला न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांच्याकडे गेला.

१४/
जमातींनी नियम केले, आणि ते काटेकोर होते. १९८४ मध्ये त्यांनी ‘ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन’ ही संयुक्त संस्था स्थापन केली. जीवशास्त्रज्ञ आधी तळ्यातील वॉलआयची संख्या काढतात. राज्याच्या गळवाल्यांचा आणि जमातींचा वाटा मिळून प्रौढ माशांच्या ३५ टक्क्यांपुढे जाऊ नये, ही मर्यादा धरली जाते. भालेकऱ्याला त्या रात्रीचा, त्या तळ्याचा परवाना घ्यावा लागतो. मोठ्या माशांच्या संख्येवर बंधन असते, कारण मोठ्या माद्या जास्त अंडी घालतात. होडी काठाला लागली की मासे मोजले जातात. ठरलेला आकडा गाठला की तळे बंद.

१५/
गळवाल्यांच्या बाबतीत अशी प्रत्येक माशाची मोजणी होत नव्हती. त्यांचा एकूण वाटा जमातींच्या वाट्याच्या कित्येक पटींनी मोठा होता. तरीही त्यांचा राग सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. जमातींनी एखाद्या तळ्यावर हक्क सांगितला की राज्य तेथे गळवाल्याची दिवसाची मर्यादा ५ वॉलआयवरून ३ किंवा २ वर आणत असे. विश्रामगृहांचे मालक पाहुणे गमावण्याच्या भीतीत होते. अंडी घालायला आलेला मासा मारणे अनेकांना मनापासून अनैतिक वाटे. प्रत्यक्षात भाल्याला सापडणारे बहुसंख्य मासे नर असत, कारण नर उथळ पाण्यात जास्त काळ थांबतात. हा तपशील मात्र काठावर फारसा कोणी ऐकून घेत नव्हते.

१६/
१९८५ नंतर दर वसंतात होडीतळांवर जमाव जमू लागला. तहांविरुद्ध संघटना निघाल्या, निधीसाठी ‘ट्रीटी बिअर’ नावाची बिअर विकली गेली. भालेकऱ्यांवर दगड आले, बेचकीतून छर्रे आले, होड्या उलटाव्यात म्हणून वेगवान बोटींनी लाटा उठवल्या गेल्या. वॉलआय वाचवण्यासाठी इंडियन माणसाला भोसकावे, अशा अर्थाचे फलकही झळकले. लाक द्यू फ्लांबोचे टॉम मॉल्सन आणि रेड क्लिफचे वॉल्टर ब्रेसेट हे भालेकऱ्यांच्या बाजूचे ठळक चेहरे होते. अहिंसक साक्षीदार म्हणून गोरे नागरिकही रात्रभर काठावर उभे राहू लागले.

१७/
१९८९ मध्ये तणाव शिगेला पोहोचला. शांतता राखण्यासाठी भालेमारीच थांबवावी, अशी मागणी राज्य सरकारने न्यायालयात केली. न्यायाधीश क्रॅब यांनी ती फेटाळली. कायदा पाळणाऱ्यांचा हक्क, कायदा मोडणाऱ्यांच्या धाकामुळे काढून घेता येत नाही, हा त्यामागचा आशय होता. त्याच वर्षी राज्याने लाक द्यू फ्लांबो जमातीपुढे दुसरा मार्ग ठेवला : सुमारे ५ कोटी डॉलर घ्या आणि दहा वर्षे हक्क बाजूला ठेवा. वस्तीत गरिबी होती, बेकारी होती. मतदान झाले. ४३९ विरुद्ध ३६६ मतांनी प्रस्ताव फेटाळला गेला. अंतर फार नव्हते, आणि म्हणूनच तो निर्णय किती जड होता हे कळते.

१८/
आता एक विसंगती पाहावी. भाला हे क्रूर, अ-खिलाडू हत्यार आहे असे म्हणणाऱ्या याच राज्यात विनेबागो सरोवरावर दर फेब्रुवारीत हजारो लोक बर्फावर लहान खोपट्या उभारतात, बर्फात भोक पाडतात आणि स्टर्जन नावाचा प्रचंड मासा भाल्यानेच मारतात. १९३० च्या दशकाच्या आरंभापासून ही परवानाधारक मासेमारी चालू आहे आणि तिचा उत्सव होतो. शिवाय कार्पसारखे ‘हलके’ मानलेले मासे भाल्याने मारण्यासही राज्याचे नियम मुभा देतात. म्हणजे आक्षेप भाल्यावर होताच, असे नाही. कोणत्या माशावर, कोणत्या ऋतूत आणि कोणाच्या हातात भाला आहे, यावर त्याचे नाव ‘परंपरा’ की ‘चोरी’ हे ठरत होते.

१९/
तोडगा निघाला तो मोजणीतून. अमेरिकी काँग्रेसच्या पुढाकाराने राज्य, संघराज्य आणि जमाती या तिन्हींच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून तळ्यांचा अभ्यास केला. १९९१ मध्ये ‘कास्टिंग लाइट अपॉन द वॉटर्स’ हा अहवाल आला. त्याचा निष्कर्ष असा की माशांची स्थिती चांगली आहे आणि भालेमारीने तिला धक्का पोहोचलेला नाही. त्याच वर्षी न्यायालयाने भालेकऱ्यांना त्रास देणाऱ्या मुख्य संघटनेला मनाई केली. मे १९९१ मध्ये राज्य आणि जमाती दोघांनीही अपील न करण्याचे जाहीर केले. जमातींनाही सर्व काही मिळाले नव्हते. इमारती लाकडावरचा त्यांचा दावा न्यायालयाने नाकारला होता आणि गतकाळाची भरपाई राज्याकडून मिळणार नव्हती.

२०/
राहिला तो १८५० चा प्रश्न. त्याचे अंतिम उत्तर शेजारच्या मिनेसोटातून आले. १९९९ मध्ये मिल लॅक्स जमातीच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओकॉनर यांनी लिहिले की टेलर यांच्या स्थलांतर आदेशाला कायद्याचा आधार नव्हता, म्हणून त्यातील हक्क रद्द करणारा भागही टिकत नाही. राज्याचा दर्जा मिळाल्याने तहातील हक्क आपोआप संपत नाहीत, हेही त्यात स्पष्ट झाले. सँडी लेकच्या बर्फात गेलेल्या माणसांच्या बाजूने हा निकाल लागायला १४९ वर्षे लागली.

२१/
या सगळ्यातून निघालेला एक कायदा इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवावा. होडीतळांवर जमलेल्या लोकांपैकी बहुतेकांना तह म्हणजे काय, तो कधी झाला, त्यात कोणी काय दिले, हे शाळेत कधीच शिकवले गेले नव्हते. ‘यांना विशेष सवलत का?’ हा त्यांचा प्रश्न त्या अज्ञानातूनच येत होता. १९८९ मध्ये विस्कॉन्सिनने ‘ॲक्ट ३१’ द्वारे राज्यातील ११ जमातींचा इतिहास, संस्कृती आणि तहांतील हक्क शाळांत शिकवणे बंधनकारक केले. मासेमारीच्या भांडणावर एका राज्याने शोधलेल्या उपायांपैकी एक उपाय इतिहासाचा तास हा होता.

२२/
आजही बर्फ वितळला की लाक द्यू फ्लांबोच्या होड्या रात्री निघतात. मशालीची जागा कपाळावरच्या दिव्याने घेतली आहे. काठावर मोजणारे कर्मचारी वही घेऊन उभे असतात. छळाच्या घटना कमी झाल्या, पूर्ण थांबल्या नाहीत. तळी तापत चालल्याने अनेक ठिकाणी वॉलआयची पैदास घटते आहे, आणि ती मोजण्याचे काम राज्य व जमाती आज मिळून करतात. नियमांच्या पुस्तिकेत वॉलआय आणि भाला यांविषयीची बंदी अजूनही छापलेली असते. ती कोणाला लागू होते आणि कोणाला नाही, हे सांगणारा कागद तिच्याहून जुना आहे. त्या कागदाच्या जन्मवेळी एका माणसाने नकाशाजवळ ओकची डहाळी ठेवली होती.

(धागा समाप्त)